मूल राहत नाही म्हणून तपासणी: कुठल्या दिवशी काय करतात, किती दुखते आणि रिपोर्ट काय सांगतो

पहिल्या भेटीत डॉक्टर कागदावर भराभर नावे लिहून देतात: एफएसएच, एएमएच, टीएसएच, प्रोलॅक्टिन, टीव्हीएस, सीमेन, एचएसजी. जोडपे तो कागद घेऊन बाहेर येते आणि तिथेच गाडे अडते. यातले आधी काय करायचे, पाळीच्या कितव्या दिवशी, उपाशीपोटी की जेवून, दुखणार का, नवऱ्याने यायलाच हवे का, हे विचारायचे राहूनच गेलेले असते. मग चुकीच्या दिवशी रक्त दिले जाते, आकडा काहीतरी विचित्र येतो आणि पुढच्या पाळीपर्यंत जीव टांगणीला लागतो. या तपासण्यांत जो त्रास होतो, त्यातला बराचसा सुईचा किंवा मशीनचा नसून काही न कळण्याचा असतो. म्हणून एकेक तपासणी नीट समजून घेऊ.

नावे कितीही असली तरी प्रश्न चारच आहेत. अंडे वेळेवर तयार होऊन फुटते का? शुक्रजंतू पुरेसे आणि हलते आहेत का? गर्भनळ्या मोकळ्या आहेत का? गर्भपिशवीची आतली जागा नीट आहे का? प्रत्येक टेस्ट यातल्या एखाद्याच प्रश्नाचे उत्तर देते, तेही अर्धेमुर्धे. ‘तुम्हाला मूल होईल की नाही’ याचे उत्तर देणारी एकही टेस्ट नाही, त्यामुळे एका कागदावरून कोणी तसे सांगत असेल तर ते मनावर घेऊ नका.

कधी सुरुवात करायची

गर्भनिरोधक न वापरता वर्षभर नियमित संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत, तर तपासणी करावी. बायकोचे वय ३५ किंवा जास्त असेल तर सहा महिनेच थांबावे आणि चाळिशी ओलांडली असेल तर थांबूच नये. पाळी दीड-दोन महिन्यांनी येत असेल, पूर्वी क्षयरोग, अपेंडिक्स फुटणे किंवा ओटीपोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, नवऱ्याला मोठेपणी गालगुंड होऊन अंडकोष सुजले असतील किंवा लहानपणी अंडकोष खाली न उतरल्याने ऑपरेशन झाले असेल, तरीही वर्षाची वाट पाहू नये.

गोव्यात हा हिशेब एका ठिकाणी हमखास चुकतो. नवरा तारवटी असेल, म्हणजे वर्षातले बरेच महिने बोटीवर आणि थोडेच घरी, तर लग्नाला तीन वर्षे झाली म्हणजे प्रयत्नांना तीन वर्षे झाली असे होत नाही. एकत्र काढलेले महिने मोजायचे. उलट सुट्टी थोडी असते म्हणून आखणी आधी लागते. तो येण्यापूर्वी बायकोच्या रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी करून ठेवता येते. तो आल्यावर पहिल्याच आठवड्यात वीर्यतपासणी करावी, म्हणजे रिपोर्ट कमी आला तर बोटीवर परत जाण्याआधी दुसऱ्यांदा तपासायला वेळ मिळतो. पुढे उपचार लागणार असतील तर वीर्य गोठवून ठेवण्याची सोयही असते. तिच्याबद्दल तो निघण्याच्या आदल्या दिवशी न विचारता सुट्टीच्या सुरुवातीलाच विचारा.

डॉक्टर काय विचारतात

या भेटीत मशीन नसते, पण अनेकांना हीच भेट सगळ्यांत जड जाते. संबंध आठवड्यातून किती वेळा होतात, पूर्ण होतात का, दुखते का, वीर्य आत जाते का, असे प्रश्न येतात. लग्नाला चार वर्षे होऊनही दुखण्यामुळे किंवा भीतीमुळे संबंध पूर्ण न झालेली जोडपी डॉक्टरांना नवीन नाहीत. त्यावर स्वतंत्र आणि चांगले उपचार आहेत. ही एक गोष्ट लपवली तर पुढच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल येत राहतात आणि कोणालाच काही कळत नाही.

आधी गर्भपात झालेला असणे, लग्नाआधी दिवस राहिलेले असणे, गुप्तरोग, या गोष्टी सासूसमोर किंवा नवऱ्यासमोर बोलता येत नसतील, तर “डॉक्टर, मला दोन मिनिटे एकटीने बोलायचे आहे” असे सरळ म्हणावे. तो तुमचा हक्क आहे. गावठी औषध चालू असेल तर तेही सांगा. देवाला गाऱ्हाणे घातले म्हणून तपासणी अडत नाही, पण मुळ्या-पुड्यांत काय आहे हे माहीत नसेल तर रक्ताच्या आकड्यांचा अर्थ लावताना घोटाळा होऊ शकतो.

याच भेटीत रुबेलाची प्रतिकारशक्ती, रक्तगट, साखर आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगतात. रुबेलाची लस घ्यावी लागली तर पुढे महिनाभर दिवस राहू द्यायचे नसतात, म्हणून हे सुरुवातीलाच उरकावे. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रिपोर्टची वाट न पाहता सुरू करता येते.

नवऱ्याची टेस्ट आधी

मूल न होण्याच्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत नवऱ्याकडचे कारण एकटे किंवा बायकोच्या कारणासोबत सापडते. आणि नवऱ्याची पहिली तपासणी सगळ्यांत स्वस्त असते, तिच्यात सुई नसते, दुखत नाही आणि बहुधा त्याच दिवशी रिपोर्ट मिळतो. तरीही घरोघरी क्रम उलटा लागतो. बायकोचे रक्त, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, कधी लॅपरोस्कोपीसुद्धा (पोटात दुर्बीण घालून पाहणे) होऊन जाते आणि नवरा अजून ‘पुढच्या आठवड्यात जातो’ म्हणत असतो. आमचे ठाम म्हणणे आहे की वीर्यतपासणीचा रिपोर्ट हातात येईपर्यंत बायकोची एचएसजी, म्हणजे नळ्यांचा एक्स-रे, करू नये. रिपोर्टमध्ये शुक्रजंतू अगदीच कमी निघाले, तर उपचाराची दिशाच बदलते आणि ती दुखरी तपासणी कित्येकदा लागतही नाही.

नमुना देण्यापूर्वी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस वीर्य बाहेर गेलेले नसावे. ‘जास्त दिवस थांबलो तर जास्त चांगले’ हा गैरसमज आहे. दहा-बारा दिवसांनी दिलेल्या नमुन्यात संख्या दिसते, पण हालचाल कमी झालेली असते. नमुना हस्तमैथुनाने, प्रयोगशाळेने दिलेल्या डबीतच घ्यायचा. थुंकी, तेल, साबण लावायचा नाही, कारण त्याने शुक्रजंतू मरतात. दुकानातला साधा कंडोमही चालत नाही. ज्यांना हस्तमैथुन जमत नाही किंवा मनाला पटत नाही त्यांच्यासाठी औषध नसलेला खास कंडोम मिळतो, प्रयोगशाळेत विचारावे. पहिल्या काही थेंबांत शुक्रजंतू सर्वांत जास्त असतात, त्यामुळे तेच बाहेर सांडले तर संख्या खोटी कमी येते. असे झाले तर लाजून गप्प न राहता तसे लिहून द्या.

घरी नमुना घ्यायचा तर तो अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोचला पाहिजे, आणि तोही शरीराच्या उबेत, शर्टाच्या आतल्या खिशात. फोंड्याचा माणूस फोंड्यात हे करू शकतो. वाळपई किंवा काणकोणहून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नमुना नेणे या वेळेत बसत नाही. अशांनी प्रयोगशाळेतच द्यावा. तिथल्या छोट्या खोलीत, बाहेर माणसे बसलेली असताना, बऱ्याच पुरुषांना जमत नाही. हा पुरुषत्वाचा प्रश्न नाही, ताणाने असे होते. बायकोला सोबत येऊ देतात का, गर्दी नसलेली वेळ कुठली, हे आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्यावे. त्या दिवशी नाहीच जमले तर दुसरा दिवस घ्या.

आता रिपोर्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालच्या मर्यादा अशा आहेत: वीर्य १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रजंतू, एकूण ३ कोटी ९० लाख, पुढे सरकणारे ३० टक्के, आणि नीट आकाराचे ४ टक्के. हा शेवटचा आकडा पाहून अनेकजण हाय खातात. रिपोर्टवर छापलेले असते ‘९६ टक्के ॲबनॉर्मल’, आणि तो माणूस नॉर्मल असतो! या मर्यादा ठरवताना ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस राहिले अशा पुरुषांचे वीर्य तपासले गेले, आणि त्यांतल्या सर्वांत खालच्या ५ टक्क्यांची रेषा ही मर्यादा धरली. म्हणजे बाप झालेल्या शंभरांपैकी पाचजण या रेषेखालीच होते. आकडा थोडा खाली आला म्हणून सगळे संपले असे होत नाही. ‘ऑलिगोअस्थेनोटेराटोझूस्पर्मिया’ असा लांबलचक शब्द छापून आला तर त्याचा अर्थ एवढाच, की संख्या, हालचाल आणि आकार तिन्ही मर्यादेखाली आहेत.

एका रिपोर्टवर निदान करायचे नसते. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ७० ते ७५ दिवस लागतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वी आलेला डेंग्यूचा ताप आजच्या रिपोर्टमध्ये दिसतो. बोटीच्या इंजिन रूममधली किंवा बेकरीच्या भट्टीपुढची सततची उष्णता, तंबाखू, जास्त दारू यांचाही परिणाम होतो. जिममध्ये घेतलेली स्टेरॉइडची इंजेक्शने आणि ‘अशक्तपणासाठी’ दिलेले पुरुषी हार्मोन टेस्टोस्टेरॉन यांनी शुक्रजंतू शून्यावर येऊ शकतात. टेस्टोस्टेरॉनने मूल व्हायला मदत होते असे अनेकांना वाटते, प्रत्यक्षात ते शुक्रजंतूंचे उत्पादन बंद पाडते. शुक्रजंतू एकही दिसला नाही तर नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पुन्हा पाहतात, मग एफएसएच (अंडी आणि शुक्रजंतू तयार करवणारे हार्मोन) आणि टेस्टोस्टेरॉन तपासून वाट बंद आहे की निर्मितीच होत नाही हे शोधतात. वाट बंद असली तर अंडकोषातून शुक्रजंतू काढता येतात.

पाळीचा पहिला दिवस कुठला

बायकोच्या तपासण्यांचे सारे गणित या एका दिवसावर उभे आहे. लाल रक्तस्राव नीट सुरू होऊन पॅड लागले तो पहिला दिवस. आदल्या दोन दिवसांचे तपकिरी डाग मोजायचे नाहीत. ते धरले की ‘दुसरा दिवस’ म्हणून दिलेले रक्त खरे तर पाळी येण्याआधीचे ठरते.

गणेशचवथीला किंवा जत्रेला अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या असतील, तर त्या महिन्याचे दिवस नेहमीच्या हिशेबात बसत नाहीत. डॉक्टरांना गोळ्यांचे नाव आणि तारखा सांगा. शक्य असेल तर तपासणीच्या महिन्यात त्या घेऊच नका.

एफएसएच, एलएच आणि इस्ट्राडायॉल या अंडाशयाच्या कामाशी संबंधित हार्मोनांसाठी दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी रक्त देतात. त्यांना उपास लागत नाही. उपाशीपोटी यायचे ते साखर किंवा इन्सुलिन तपासायचे असेल तरच. इस्ट्राडायॉल सोबत का पाहतात, तर ते वाढलेले असले की एफएसएच दाबले जाते आणि फसवे चांगले दिसते. टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि एएमएच कधीही देता येतात. प्रोलॅक्टिनचे (दूध आणणाऱ्या हार्मोनचे) रक्त उठल्यावर दोन-तीन तासांनी, थोडे शांत बसून द्यावे. स्कूटर दामटत येऊन लगेच हात पुढे केला, किंवा सुईचीच भीती वाटली, तरी ते वाढते. थोडेसे वाढलेले प्रोलॅक्टिन आधी पुन्हा तपासावे, गोळी नंतर. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा, कारण काही मशीनवर थायरॉईडसह अनेक हार्मोनचे आकडे त्याने चुकतात.

एएमएचबद्दल थोडे जास्त बोलायला हवे, कारण या एका आकड्याने बायका फार खचतात. ‘तुमची अंडी संपत आली’ असे कोणीतरी म्हणते आणि घरात सुतक पडल्यासारखे होते. एएमएच अंड्यांचा शिल्लक साठा अंदाजाने दाखवते. अंडी चांगली की वाईट हे ते दाखवत नाही, ते मुख्यतः वयावर ठरते. आपोआप दिवस राहण्यासाठी महिन्याला एकच अंडे लागते, त्यामुळे एएमएच कमी असलेल्या बाईलाही नैसर्गिकरीत्या दिवस राहू शकतात. हा आकडा खरा उपयोगी पडतो तो आयव्हीएफच्या (शरीराबाहेर अंडे फळवण्याच्या उपचाराच्या) इंजेक्शनांना किती अंडी मिळतील हे आधी ठरवायला. आकडा कमी असेल तर वेळ दवडू नये एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. पीसीओएसमध्ये (अंडाशयात खूप छोट्या पुटकुळ्या असण्याच्या त्रासात) तो उलट जास्त असतो.

आतून सोनोग्राफी

टीव्हीएस म्हणजे योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी. हीही बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करतात, म्हणजे रक्तस्राव चालू असताना, आणि तिथेच बायका संकोचाने तारीख पुढे ढकलतात. पण याच दिवसांत अंडाशयातल्या छोट्या पुटकुळ्या स्पष्ट मोजता येतात. खोलीतल्या माणसांना रक्ताचे काही वाटत नाही, खाली प्लास्टिक किंवा कागद घातलेला असतो.

आधी लघवी करून यायचे, मूत्राशय रिकामे लागते. कमरेखालचे कपडे काढून, अंगावर चादर घेऊन, गुडघे दुमडून झोपायचे. बोटापेक्षा थोड्या जाड दांड्यावर कंडोम आणि थंड जेल लावून तो आत सरकवतात, मग तो डावी-उजवीकडे वळवून पाहतात. पाच-दहा मिनिटे लागतात. दाब जाणवतो, सहसा कळ येत नाही. अंग आवळून घेतले की दुखते. तोंडाने हळू श्वास सोडत राहिले तर स्नायू सैल पडतात. तो दांडा स्वतःच्या हाताने आत घ्यायला मागता येतो, बऱ्याचजणींना त्याने खूप सोपे जाते. तपासणारे पुरुष असतील तर सोबत बाई असण्याचा आग्रह धरा. रबराची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. आणि अजून पूर्ण संबंध झालेले नसतील तर तेही सांगा, मग लघवी भरून पोटावरून सोनोग्राफी करता येते. दुखायला लागले तर “थांबा” म्हणायचे, आणि त्यांनी थांबायलाच हवे.

फॉलिक्युलर स्टडीत हीच सोनोग्राफी नवव्या-दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड करतात. अंड्याची पुटकुळी रोज साधारण दोन मिलिमीटर वाढते आणि १८ ते २२ च्या आसपास फुटते. पाळी अनियमित असेल किंवा गोळ्या चालू असतील तर याचा उपयोग आहे. पण दर २८-३० दिवसांनी बिनचूक पाळी येणाऱ्या बाईला महिनोन्महिने एक दिवसाआड कदंब बसने हेलपाटे घालायला लावून फारसे हाती काही लागत नाही. तिच्यासाठी प्रोजेस्टेरॉनची एक रक्ततपासणी पुरते. ती पुढची पाळी येण्याच्या सात दिवस आधी करायची: २८ दिवसांच्या चक्रात २१ व्या दिवशी, ३५ दिवसांच्या चक्रात २८ व्या. सगळ्यांना सरसकट एकविसावा दिवस सांगितला जातो आणि लांब चक्राच्या बायकांना उगाच ‘अंडे फुटत नाही’ असा शिक्का बसतो.

या काळात “आज रात्री संबंध ठेवा” असे डॉक्टर सांगतात आणि घरातली जवळीक वेळापत्रकात अडकते. नेमक्या त्या रात्री नवऱ्याला जमत नाही, बायको रडते, दोघे पाठ फिरवून झोपतात. हे इतके सर्रास होते की आधीच सांगून ठेवायला हवे. दिवस राहण्याची शक्यता असलेले दिवस सहा असतात, अंडे फुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. शुक्रजंतू आत काही दिवस जिवंत राहतात. दर दोन-तीन दिवसांनी संबंध असले तर एका ठरावीक रात्रीवर सगळा भार टाकावा लागत नाही.

एचएसजी: नळ्यांचा एक्स-रे

सगळ्यांत जास्त भीती याचीच. रक्तस्राव थांबल्यावर, पाळीच्या साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात करतात, म्हणजे पोटात नकळत गर्भ असण्याची शक्यता उरत नाही. पाळीपासून तपासणीपर्यंत संबंध ठेवायचे नाहीत. आयोडीनची किंवा आधीच्या एखाद्या डायची (एक्स-रेत उमटणाऱ्या औषधाची) ॲलर्जी, दमा, पांढऱ्या पाण्याला वास किंवा ताप असेल तर आधी सांगा. ताजे इन्फेक्शन असताना ही टेस्ट केली तर ते वर नळ्यांत पसरू शकते. सुमारे तासभर आधी डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी घ्यावी, आणि ती लिहून दिली नसेल तर मागून घ्यावी. काहीजण सोबत अँटिबायोटिक देतात.

टेबल एक्स-रेचे असते, कडक आणि गार. पाय दुमडून किंवा आधारावर ठेवून झोपवतात. योनीत स्पेक्युलम (मार्ग उघडा ठेवणारे उपकरण) घालतात, गर्भपिशवीचे तोंड बेटाडिनने पुसतात. ते तोंड चिमट्याने धरतात तेव्हा एक टोचल्यासारखी चिमटी बसते. मग बारीक नळी आत सरकवून डाय हळूहळू सोडतात, जेमतेम पाच ते दहा मिलिलिटर. पिशवी भरून ताणली की पाळीच्या कळेसारखी, पण तिच्याहून जोरदार कळ येते. खरी कळ एक-दोन मिनिटांची. पडद्यावर आधी पिशवीचा त्रिकोण पांढरा होतो, मग दोन बाजूंना धाग्यासारख्या नळ्या उमटतात, आणि टोकाशी डाय पोटात पसरला की ती बाजू मोकळी. नळी काढली की कळ झपाट्याने उतरते. सगळे मिळून दहा-पंधरा मिनिटे.

डाय वेगाने सोडला तर दुखणे वाढते, म्हणून “हळू सोडा” असे आधीच सांगून ठेवलेले बरे. खूप दुखले म्हणजे नळ्या बंद आहेत असा निष्कर्ष काढू नका. मोकळ्या नळ्यांच्या बायकांनाही खूप दुखते, आणि काहींना जवळजवळ काहीच जाणवत नाही. उठताना घेरी येऊ शकते, त्यामुळे पंधरा मिनिटे पडून राहा. घरी एकटीने स्कूटरने जाऊ नका. दिवसभर चिकट पाणी आणि एक-दोन दिवस थोडे रक्त जाते, त्यासाठी पॅड लागते. ताप आला, दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले किंवा स्रावाला घाण वास आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता इस्पितळ गाठा.

‘नळी सुरुवातीलाच बंद’ असा रिपोर्ट आला तर लगेच धीर सोडू नका. कळेमुळे नळीचे तोंड आकसले तरी डाय पुढे जात नाही, आणि हा खोटा अडथळा बऱ्याचदा दिसतो. टोकाशी बंद होऊन पाण्याने फुगलेली नळी मात्र जास्त खात्रीची असते. तिच्यातले पाणी पिशवीत उतरते आणि आयव्हीएफचे यशही कमी करते, म्हणून आयव्हीएफच्या आधी ती काढायला किंवा बांधायला सांगतात.

आपल्याकडे नळ्या खराब होण्यामागे जननेंद्रियांचा क्षयरोग हे मोठे कारण आहे. खोकला नसताना, छातीचा एक्स-रे स्वच्छ असताना तो असू शकतो. त्यासाठी पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासतात. मात्र फक्त पीसीआर (जंतूचा अंश शोधणारी टेस्ट) पॉझिटिव्ह आला, बाकी काहीच खूण नाही, अशा वेळी सहा महिन्यांची औषधे सुरू करण्याआधी दुसरे मत घ्या.

लॅपरोस्कोपी ही पहिल्या फेरीची टेस्ट नाही. भूल देऊन बेंबीतून दुर्बीण घालतात. एंडोमेट्रिओसिसचा (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढण्याचा) संशय असेल, नळ्यांत खरा दोष दिसत असेल, तर तिचा उपयोग. पोटात भरलेल्या वायूमुळे नंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो, हे माहीत नसले की हृदयाचे काही झाले म्हणून घरचे घाबरतात.

रिपोर्टची वाट पाहताना

हल्ली रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो, रात्री साडेनऊला, आणि डॉक्टर भेटणार सोमवारी. पीडीएफ कोणी उघडायची, एकत्र उघडायची की डॉक्टरांसमोरच, हे दोघांनी आधी ठरवा. लाल अक्षरांतला आकडा इंटरनेटवर शोधत रात्र घालवण्यापेक्षा न उघडलेली फाईल बरी. गाव लहान असते, प्रयोगशाळेतला मुलगा ओळखीचा निघतो. नंबर स्वतःचाच द्या, सासऱ्यांचा किंवा दिराचा नको.

सरकारी इस्पितळात गरोदर बायकांची रांग आणि ही रांग बऱ्याचदा एकाच बाकावर येते. शेजारची सहज विचारते, “कितवा महिना?” डोळ्यांत पाणी येते ते तिथे, सुईने नव्हे. चवथीला मूळ घरी सगळे जमले की गणपतीवरच्या माटोळीखाली बसून हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो. एकच वाक्य दोघांनी ठरवून ठेवावे, उदाहरणार्थ “डॉक्टरांकडे चालू आहे, काही असले की सांगू”, आणि ते नवऱ्याने त्याच्या माणसांना सांगावे. दोष नवऱ्याचा निघाला तर तो झाकायला बायकोच्या माथी खापर फोडणारी घरे आहेत. ते होऊ देणे क्रूरपणाचे आहे. रिपोर्ट दोघांचा आहे, घरच्यांना काय सांगायचे तेही दोघांनी ठरवायचे.

दर महिन्याला पाळी आली की रडू येणे, मैत्रिणीच्या डोहाळजेवणाला जायला पाय न उचलणे, हे या वाटेवर होतेच. त्याची लाज नको. पण दोन आठवडे झोप-जेवण उडाले असेल, कामात लक्ष लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला आणि डॉक्टरांना सांगा. तपासण्या एक-दोन महिने थांबवल्या तर बहुतेकांचे वैद्यकीय नुकसान होत नाही. वय पस्तिशीपुढे असेल तर मात्र किती थांबायचे ते विचारून ठरवा.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तर अनेकांना आनंद होण्याऐवजी निराशा येते, कारण बोट दाखवायला जागा उरत नाही. याला अनएक्सप्लेन्ड म्हणतात. आजच्या टेस्टना कारण दिसले नाही, एवढाच त्याचा अर्थ. बायको चाळिशीच्या आत असेल तर पहिल्या वर्षी दिवस न राहिलेल्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांना दुसऱ्या वर्षी आपोआप राहतात. म्हणून वय कमी असेल तर डॉक्टर थांबायला सांगतात, आणि तो सल्ला टाळाटाळीचा नसतो.

सुरुवात जिल्हा इस्पितळाच्या स्त्रीरोग विभागातून, म्हापशाला किंवा मडगावला, करता येते. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) २०२३ पासून मोफत आयव्हीएफची सोय आहे. खासगी केंद्र निवडले तर ते २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्र) कायद्याखाली नोंदलेले आहे का ते विचारा. याच कायद्याने आयव्हीएफसाठी वयाची मर्यादा बायकोला ५० आणि नवऱ्याला ५५ अशी घातली आहे.

कुठेही गेलात तरी मूळ फाईल स्वतःकडे ठेवा. एचएसजीच्या फिल्म किंवा सीडी मागून घ्या, कारण पुढच्या डॉक्टरला नुसता ‘दोन्ही नळ्या मोकळ्या’ हा शेरा पुरत नाही, चित्र पाहावे लागते, आणि ते नसले तर तीच टेस्ट पुन्हा सांगतात. प्रत्येक रिपोर्टवर पाळीचा कितवा दिवस होता ते पेनने लिहा. एएमएच तोंडी सांगू नका, कागद दाखवा: काही प्रयोगशाळा नॅनोग्रॅममध्ये देतात, काही पिकोमोलमध्ये, आणि दर मिलिलिटरला १ नॅनोग्रॅम म्हणजे दर लिटरला सुमारे ७ पिकोमोल होतात.